मातृत्वाला नकार (इटालियन लेखिकांच्या साहित्यात)

इथे नकार म्हणजे मूलच नको असं दरवेळी नसतं. या पुस्तकांत बहुतेकदा मूल झालेलं असतं, त्याच्यावर जीवही असतो, नको असतो तो सगळं सोसत झिजणाऱ्या आईचा रोल.

सुरुवात साधारण सिबिल्ला अलेरामोच्या 'ऊना दॉन्ना' (एक स्त्री, १९०६) पासून धरतात. कादंबरी बरीचशी तिच्याच आयुष्यावर आहे. वडिलांच्या कारखान्यातल्या माणसाने बलात्कार केला, त्याच्याशीच लग्न लागलं, मुलगा झाला, आणि १९०२ मध्ये ती घर सोडून रोमला गेली. मुलगा मागेच राहिला, कारण कायद्याने मुलावर हक्क बापाचा आणि घटस्फोट तर इटलीत १९७० पर्यंत नव्हताच. पण कादंबरीतला खरा धक्का वेगळाच आहे. नायिकेला आपल्या आईचं जुनं पत्र सापडतं, तिलाही निघून जायचं होतं, पण ती थांबली आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात पोचली. मग नायिका विचारते की आईपणात आपण त्यागाचीच पूजा का करतो? ती हे सगळं लिहिते तेही कधीतरी मुलगा वाचेल म्हणून, त्यामुळे याला मुलाचा नकार म्हणणं मला तरी पटत नाही.

पुढे मुसोलिनीच्या काळात आईपण सरकारी कामच झालं, १९२७ पासून अविवाहित पुरुषांवर टॅक्स, १९३० च्या पीनल कोडमध्ये गर्भपात म्हणजे वंशाविरुद्धचा गुन्हा. गर्भपाताला परवानगी देणारा कायदा आला थेट १९७८ मध्ये. त्याच्या तीनच वर्षं आधी ओरियाना फाल्लाचीचं 'न जन्मलेल्या बाळाला लिहिलेलं पत्र' हे पुस्तक आलं. त्यातली बिनलग्नाची बाई डॉक्टरांनी झोपून राहा सांगितलं तरी कामासाठी प्रवासाला निघते, गर्भ जातो, आणि स्वप्नात तिच्यावर खटला चालतो. पुस्तक धड एका बाजूला झुकत नाही, तेच त्याचं बळ.

एलेना फेर्रान्तेच्या 'ला फील्या ओस्कूरा' (काळोखी मुलगी, २००६) या कादंबरीतली लेदा प्राध्यापक, दोन लहान मुलींना तीन वर्षं सोडून गेलेली. इथे कायदा आड येत नाही, नवराही राक्षस नाही, म्हणून वाचताना जास्त टोचतं. परत का आलीस, मुलींच्या प्रेमापोटी का, असं विचारल्यावर ती नाही म्हणते. ज्यासाठी गेले त्याचसाठी आले, स्वतःवरच्या प्रेमासाठी.