पतसंस्थेचं वैधानिक ऑडिट: ठरावापासून 'ओ' नमुन्यापर्यंत

31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं आणि 31 जुलैच्या आत ऑडिट पूर्ण झालेलं असावं लागतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 81 ने दिलेले हे चार महिने खरं तर पुरतात. उशीर होतो तो दोन ठिकाणी: ऑडिटरच्या नेमणुकीचा कागद वेळेवर जात नाही आणि सभासदवार याद्या खतावणीशी (खातेवार हिशेबाच्या वहीशी) जुळत नाहीत. सोलापूर जिल्ह्यातल्या पगारदार नोकरांच्या छोट्या पतसंस्था डोळ्यांसमोर ठेवून ही माहिती दिली आहे.

नेमणूक आधीच्या सप्टेंबरात

2013 च्या दुरुस्तीपासून ऑडिटर निवडण्याचा अधिकार संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला आहे, संचालक मंडळाला नाही. ही सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि चालू वर्षाचा ऑडिटर तिथेच ठरतो. नाव शासनमान्य नामतालिकेतलंच (मान्यताप्राप्त ऑडिटरांच्या यादीतलंच) हवं. ठरावात ऑडिटरचं पूर्ण नाव, नामतालिका क्रमांक आणि कोणत्या वर्षाचं ऑडिट हे स्पष्ट लिहा. 'ऑडिटर नेमण्याचे अधिकार संचालक मंडळास देण्यात येत आहेत' असला ठराव करू नका, तो हमखास अडतो.

सभेनंतर 30 दिवसांच्या आत ऑडिटरचं नाव आणि त्याची लेखी संमती निबंधकाकडे (सहकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) पोहोचली पाहिजे. ती गेली नाही, तर निबंधक स्वतः ऑडिटर नेमू शकतात. संमतीपत्र सभेच्या आधीच घेतलेलं बरं, कारण एका ऑडिटरला वर्षाला वीसच संस्था घेता येतात (एक लाखाच्या आतल्या भागभांडवलाच्या संस्था यात धरत नाहीत). चांगल्या ऑडिटरची वीसची मर्यादा लवकर भरते.

ऑडिटर कोण होऊ शकतो

सनदी लेखापाल (सी.ए.) असेल तर सहकारी संस्थांच्या ऑडिटचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. प्रमाणित लेखापरीक्षकाला पदवी, जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेबाची शासकीय पदविका) आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो. दोघांनाही कामापुरती मराठी यायला हवी, हेही कायद्यातच आहे. प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्ताची वही) वाचता आलं नाही तर ऑडिट कसलं करणार? एकाच ऑडिटरला सलग तीन वर्षांपेक्षा जास्त नेमता येत नाही. वर्षभर तुमची किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) लिहून देणाऱ्यालाच ऑडिटला बसवू नका. स्वतःच लिहिलेल्या हिशेबातली चूक स्वतःला दिसत नाही, आणि दिसली तरी ती अहवालात येत नाही.

काय काढून ठेवायचं

किर्द, खतावणी, क्रमांक घातलेली व्हाउचर, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा गोषवारा), नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद. पानांवर क्रमांक असलेलं, सह्या झालेलं प्रोसिडिंग बुक. सभासद नोंदवही, शेअर खतावणी, ठेवी आणि कर्जाच्या 31 मार्चच्या सभासदवार याद्या. मुदत ठेवींच्या मूळ पावत्या (झेरॉक्स चालत नाही), प्रत्येक बँक खात्याचा 31 मार्चचा शिल्लक दाखला आणि ताळमेळ पत्रक (बँकेची शिल्लक आणि आपल्या वहीतली शिल्लक यांतला फरक दाखवणारं). कर्जाची कागदपत्रं जामिनदारांच्या सह्यांसह. मागच्या ऑडिटचा दोषदुरुस्ती अहवाल (ऑडिटरने दाखवलेल्या चुका कशा दुरुस्त केल्या ते सांगणारा). रोख शिल्लक 31 मार्चच्या संध्याकाळी नोटांच्या तपशिलासह मोजून, सचिव आणि चेअरमन यांची सही घेऊन कागद ठेवा. जूनमध्ये आलेला ऑडिटर त्या दिवशीची रोख मोजून मागे हिशेब लावू शकतो, पण मार्चचा कागद नसेल तर शेरा पडतोच.

मेळ बसत नाही तेव्हा

कर्जाच्या यादीची बेरीज आणि खतावणीतली शिल्लक यांत फरक निघतो. पगारदार संस्थेत पहिला संशय मार्चच्या कपातीवर घ्या. पैसे मार्चच्या पगारातून कापले जातात, पण कार्यालयाचा धनादेश एप्रिलमध्ये येतो. सभासदाच्या खात्याला मार्चमध्ये जमा देऊन कार्यालयाकडून येणे दाखवलं नाही, की तेवढाच फरक राहतो. दुसरं कारण, बदली झालेले किंवा बिनपगारी रजेवर गेलेले सभासद: यादीत हप्ता वसूल, प्रत्यक्षात कपातच नाही.

सोलापुरात आणखी एक गुंता असतो. तेलुगू आणि कन्नड आडनावं पगारपत्रकात एका प्रकारे, शेअर खतावणीत दुसऱ्या प्रकारे आणि आधारवर तिसऱ्या प्रकारे लिहिलेली असतात. मग एकाच माणसाची दोन खाती उघडतात, किंवा एकाची वसुली त्याच नावाच्या दुसऱ्याच्या खात्यात पडते. नावावर विसंबू नका, सभासद क्रमांकावरच नोंद करा.

फरकाला 9 ने निःशेष भाग जात असेल तर आकडे उलटसुलट पडले असण्याची शक्यता मोठी: 4,530 च्या जागी 4,350 लिहिले की फरक 180. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या नोंदीशी जुळली, तर ती नोंद जमेऐवजी नावे पडली आहे का पाहा. फरक 'अनामत' खात्यात (उलगडा न झालेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात) ढकलून ताळेबंद जुळवायचा, ही सगळ्यात वाईट सवय. पाच वर्षांनी त्या अनामतीचा तपशील कुणालाच देता येत नाही.

थकीत कर्जावरचं व्याज नफ्यात धरून लाभांश वाटण्याचाही मोह होतो. त्या व्याजाची तरतूद करावीच लागते, म्हणजे तेवढी रक्कम नफ्यातून बाजूला काढावी लागते. निव्वळ नफ्यातले किमान 25 टक्के राखीव निधीला जातात आणि लाभांशाची मर्यादा 15 टक्के आहे.

अहवाल आला म्हणजे

ऑडिटर प्रत्येक व्हाउचर पाहत नाही, नमुना निवडून तपासतो. त्यामुळे त्याची खात्री 'वाजवी' असते, शंभर टक्के नाही. अहवालात मिळणारा 'अ' ते 'ड' वर्ग हा संस्थेच्या एकूण कारभारावरचा शेरा असतो, प्रत्येक खातं बरोबर असल्याचा दाखला नव्हे. अपहार दिसला तर मात्र रक्कम, पद्धत आणि जबाबदार कोण, हे त्याला खोलात जाऊन लिहावं लागतं.

अहवालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत दोषदुरुस्ती अहवाल 'ओ' नमुन्यात द्यायचा (कलम 82). 'नोंद घेतली', 'यापुढे दक्षता घेऊ' ही उत्तरं परत येतात. कोणत्या तारखेला, कोणत्या व्हाउचरने काय दुरुस्त केलं ते लिहा. हा अहवाल न देणं संचालकांच्या अंगाशी येतं, कारण तो कलम 146 खाली गुन्हा धरला जातो.

2026 मध्ये आषाढी एकादशी 25 जुलैला आहे. वारीच्या दिवसांत जिल्ह्यातली कार्यालयं पंढरपूरच्या बंदोबस्तात आणि सोयींत गुंतलेली असतात. ज्या कागदावर निबंधक कार्यालयाचा शिक्का लागणार आहे, तो जूनमध्येच नेऊन द्या. आयकर विवरणपत्राला ऑडिट लागणाऱ्या संस्थांसाठी 31 ऑक्टोबरची मुदत असते. ती चुकली तर सहकारी संस्थेला मिळणारी वजावटच हातची जाते, दंड वेगळा.