बॉडी किट: फायबर की पीयू, आणि रंग नेमका कधी?

बॉडी किट म्हणजे गाडीचं रूप बदलायला लावायचे बंपर, स्पॉयलर, स्कर्ट असे पार्ट. ते घेताना पहिला प्रश्न ठरलेला: फायबरचं घेऊ की पीयूचं? उत्तर पार्टप्रमाणे बदलतं, ते खाली दिलंच आहे. पण ग्राहकांचे पैसे आणि दिवस सगळ्यात जास्त वाया जातात ते किट आधीच रंगवून आणल्यामुळे. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: किट आमच्याकडून घ्या, ऑनलाइन मागवा किंवा मित्राच्या गाडीचं उतरवून आणा, पण ट्रायल फिटिंग (गाडीवर एकदा बसवून बघणं) झाल्याशिवाय त्याला रंग लावू नका.

फायबर म्हणजे काचतंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन (सुकून घट्ट होणारा चिकट द्रव). साच्यात आधी जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) मारतात, मग 300 किंवा 450 ग्रॅमची मॅट रेझिनमध्ये भिजवत, रोलरने हवा काढत थर चढवतात. सगळं हाताचं काम, त्यामुळे एकाच साच्यातून निघालेले दोन बंपरसुद्धा जाडीला तंतोतंत सारखे नसतात. घेताना पार्ट उलटा करून मागची बाजू बघा. मॅट कोरडी, पांढरट दिसली तर रेझिन कमी पडलंय. कोपऱ्यात रेझिन साचून चकाकत असेल तर तेवढा भाग ठिसूळ आहे आणि पहिला तडा तिथेच जाणार. आम्ही पार्ट साधारण 3 मिमी जाड ठेवतो आणि बोल्टच्या जागी दोन थर जास्त देतो. बाजारात हलकं आणि स्वस्त मिळतं ते बहुतेक वेळा यातच काटकसर करून.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, एक लवचीक प्लॅस्टिक. ठोकर बसली तर दबतं आणि परत आकारात येतं. हे खरं असलं तरी ‘पीयूला काही होत नाही’ हे खरं नाही. ते फायबरपेक्षा वजनाला जड पडतं, आधार कमी असला तर उन्हात लोंबतं आणि खोक्यात वाकवून पाठवलं तर वाकडंच बाहेर निघतं. शिवाय ऑनलाइन ‘पीयू’ म्हणून घेतलेलं बरेचदा एबीएस, म्हणजे कडक प्लॅस्टिक, निघतं. ओळखायचं असेल तर कड हलकेच वाकवा. पीयू सहज वाकून मागे येतं. एबीएस कडक लागतं आणि जास्त जोर लावला तर पांढरी रेघ उमटते. पार्ट परत करायचा असेल तर अर्थातच तेवढा जोर लावू नका.

पुढच्या लिपसाठी (बंपरच्या खालच्या कडेला लागणारी पट्टी) आमचा सल्ला जवळपास नेहमी पीयूचाच असतो. गाडीत चार माणसं बसवा, बंपरच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि त्यातून लिपची उंची वजा करा. उरलेलं अंतर स्पीडब्रेकरला पुरतं का बघा. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर 10 सेंमी उंच असावा. सोसायटीच्या गेटसमोर स्वतःच टाकलेले किती उंच असतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. बेसमेंट पार्किंगचा उतार संपतो तिथेही लिप आधी टेकते. फायबरची लिप अशा घासण्याने महिन्याभरात कडेने सुटू लागते, पीयूला ओरखडे पडतात.

बाकी स्पॉयलर, बॉनेट स्कूप (बॉनेटवरचा हवेच्या तोंडासारखा उंचवटा), रुंद फेंडर, साइड स्कर्ट (दारांखालची पट्टी) या सगळ्याला फायबर उत्तम. स्कर्ट पीयूचाच हवा असेल तर दर 25-30 सेंमीला स्क्रू लागतो, नाहीतर मे महिन्यात मधे झोळ येतो. मागच्या डिफ्यूझरचं (मागच्या बंपरखालचा पार्ट) मटेरियल कुठलंही असो, सायलेन्सरच्या टोकापासून निदान बोटभर मोकळं अंतर ठेवावंच लागतं. आणि गाडी रस्त्यावर कमी दिसणारी असेल तर निवडीचा प्रश्नच येत नाही. फायबरचा साचा स्वस्तात होतो, पीयूचा होत नाही, म्हणून अशा गाड्यांची किट फायबरचीच मिळतात.

दुरुस्तीत फायबर पुढे आहे. तडा मागून घासायचा, दोन्ही बाजूंना पाचेक सेंमी मॅट येईल असे दोन-तीन थर द्यायचे, दुसऱ्या दिवशी पुट्टी, मग रंग. पीयू फाटलं तर वेगळा टू-पार्ट अॅडहेसिव्ह आणि आतून जाळी लागते. साधी पुट्टी त्याच्यावर पहिल्याच धक्क्यात सुटते.

आता रंगाचं. फायबरची भोकं कंपनीच्या भोकांशी जुळतीलच असं नाही, आणि फेंडरला लागून असलेली कड बहुतेक वेळा 3 ते 5 मिमी घासावी लागते. पीयू बसवताना हीट गनने गरम करून आकारात आणावं लागतं. रंगवलेल्या पार्टवर यातलं काहीही केलं की कडेचा रंग उडतो किंवा फुगतो. मेटॅलिक आणि पर्ल रंगात टचअप लपत नाही, म्हणजे अख्खा पार्ट पुन्हा रंगवायचा. ‘पेंटर ओळखीचा होता, स्वस्तात केलं’ म्हणून आणलेलं किट अशा रीतीने सगळ्यात महाग पडतं.

ट्रायलमध्ये आम्ही जुना बंपर उतरवून नवा मास्किंग टेपवर टांगतो. बॉनेट, हेडलॅम्प आणि फेंडरची गॅप दोन्ही बाजूंना जुळवतो, दारं उघडून बघतो, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना ते पाहतो. मगच भोकं पाडतो: 6 मिमीच्या बोल्टला 8 मिमीचं भोक, वर मोठा वॉशर आणि खाली रबरी वॉशर. बोल्ट मधून सुरू करून कडेकडे, हाताने घट्ट करतो. बोल्टच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसले तर ते बोल्ट हाताऐवजी मशीनच्या गनने आवळल्याचे असतात.

यानंतर पार्ट उतरून रंगाला जातो. फायबर आधी दोन-तीन दिवस उन्हात राहू द्या. रेझिन पुरतं सुकलं नसेल तर आतला स्टायरीन (रेझिनमधलं उडून जाणारं रसायन) नंतर निघतो आणि रंगाखाली फोड येतात. पावसाळ्यात हे दिवस वाढतात, तेव्हा घाई करू नका. पीयूवर साच्याचा वॅक्स राहिलेला असतो. गरम साबणपाणी, मग वॅक्स रिमूव्हर, घासणी, अॅडहेशन प्रमोटर (रंग धरून ठेवणारा थर), आणि प्रायमर व क्लिअर (वरचा पारदर्शक थर) दोन्हीत रंग लवचीक ठेवणारं फ्लेक्स अॅडिटिव्ह, हा क्रम हवा. पेंटरला पार्ट कशाचा आहे ते आवर्जून सांगा, कारण प्रायमर मारल्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

‘दोन फेऱ्या कशाला, दोनदा पैसे कशाला?’ असं विचारलं जातं. किट आमच्याकडचं असेल तर ट्रायलची रक्कम शेवटच्या फिटिंगच्या बिलातून वजा होते. बाहेरचं किट रंगवून आणलं तरी बसवून देतो, पण रंग उडाला तर जबाबदारी तुमची, अशी सही आधी घेतो.

बंपरमागची लोखंडी पट्टी आणि फोम आम्ही कापत नाही, कितीही आग्रह केला तरी. पुढच्या बंपरमागे रडार असलेल्या गाड्यांचा अख्खा बंपर बदलत नाही, फक्त लिप लावतो. एचएसआरपीचं (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) स्नॅप लॉक काढताना तुटतं, ते अधिकृत केंद्रातूनच पुन्हा बसवावं लागतं, त्याची वेळ आधी घेऊन ठेवा. गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागू होतं. शंका असेल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा. किट विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर चढवून घ्या. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापतात, फायबरग्लासवर 30 टक्के.

दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर बसवलेली लिप किंवा स्पॉयलर असेल तर 72 तास गाडी धुवू नका, प्रेशर वॉश तर नकोच.

ट्रायलला येताना आरसीची प्रत, न रंगवलेलं किट, सोबत आलेले सगळे क्लिप-स्क्रू आणि गाडीचा रंगाचा कोड आणा. कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. सापडला नाही तर आम्ही शोधून देऊ.