नळ कोरडा असतो तेव्हा पाइपात काय चालतं?

नळाला पाणी आलं की पहिली दोन-चार मिनिटं ते मोरीत वाहू द्यायचं, मग हंडा लावायचा. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत ही रीत कुणी मुद्दाम न शिकवताच रुजलेली असते. आधी नळ फुसफुसतो, मग गढूळ धार येते, कधी तिला वासही असतो. दोष धरणाला किंवा शुद्धीकरण केंद्राला दिला जातो. पण केंद्रातून पाणी बहुधा स्वच्छच निघालेलं असतं. ते बिघडतं वाटेत, आणि मुख्यतः पुरवठा बंद असतो त्या तासांत.

चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला की वाहिनी लगेच रिकामी होत नाही. उताराच्या घरांतले नळ वाहतच असतात. पाणी त्यांच्याकडे ओढलं जातं आणि चढावरच्या पाइपात पोकळी तयार होते. तिथला दाब कधीकधी बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षाही खाली जातो. आता गळती नसलेली वाहिनी आपल्याकडे शोधूनही सापडायची नाही. सांधे ढिले झालेले असतात, घरजोडणीचं फेरूल, म्हणजे मुख्य वाहिनीला घरची नळी जोडणारा तुकडा, गंजलेलं असतं. दाब असतो तोवर या भेगांतून पाणी बाहेर मातीत झिरपतं. दाब गेला की मातीतलं पाणी त्याच भेगांतून आत येतं. ते कसलं असेल हे गल्लीत चर खणलेला पाहिलात तर कळेल: पिण्याच्या पाण्याचा आणि सांडपाण्याचा पाइप हातभर अंतरावर, आणि घरजोडणीची नळी थेट गटारातून नेलेली. त्यात कुणी नळाला मोटार लावली की वाहिनीतला दाब आणखी खेचला जातो. शेजाऱ्याचं पाणी पळतं, हे तर सगळ्यांना दिसतं. त्याच वेळी गटारातला मैलाही आत खेचला जाऊ शकतो, ते दिसत नाही.

यावर क्लोरीनचा पहारा असतो. नळाशी पोचणाऱ्या लिटरभर पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. किरकोळ जंतूंना ते पुरेसं होतं. मैलापाण्याचा मोठा घोट आत आला की मात्र त्यातल्या सेंद्रिय घाणीशी लढण्यातच हे क्लोरीन संपून जातं. शिवाय पाइपाच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरलेला असतो. कोरड्या, थांबलेल्या तासांनंतर पाणी जोरात सुटलं की त्या थराचे तुकडे उखडून निघतात. नळाची पहिली धार म्हणजे हे सगळं एकत्र.

यावरचा उपाय जुना आहे. १८३१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये थॉमस हॉक्सली या जेमतेम चोविशीतल्या इंजिनिअरने वाहिन्या दिवसरात्र दाबाखाली भरलेल्या ठेवायची पद्धत सुरू केली. पाइप कायम भरलेला आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणजे भेग असली तरी घाण आत यायला वाव नाही. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. तरी तर्क बिनचूक होता.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात याची नीट परीक्षा झाली आहे. हुबळी-धारवाडच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं, बाकी शहराला ते काही दिवसांआड काही तासच मिळत राहिलं. दोन्हीकडचं पाणी त्याच केंद्रांत शुद्ध झालेलं. एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन या संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. मैल्याची खूण मानला जाणारा ई. कोलाय हा जिवाणू चोवीस तासांच्या भागात शंभरातल्या एकाही नमुन्यात धड सापडला नाही. अधूनमधून पाणी येणाऱ्या भागात तो जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत होता. आरोग्यावरचा परिणाम मात्र इतका सरळ निघाला नाही. नंतरच्या पाहणीत साध्या जुलाबांत एकंदर फरक दिसला नाही, कारण जुलाब हातांतून, अन्नातून, उघड्या भांड्यांतूनही होतात. पण टायफॉइड झालेली घरं चोवीस तासांच्या भागात कमी होती, आणि गरीब घरांतल्या लहान मुलांना रक्ताचे जुलाबही कमी.

‘पण एवढं पाणी आणायचं कुठून?’ हा प्रश्न सभेत हमखास येतो. त्यामागचा समज असा, की तास वाढवले तर वापरही त्याच पटीत वाढेल. तीनऐवजी चोवीस तास पाणी आलं म्हणून माणूस मात्र आठपट आंघोळी करत नाही. उलट पाणी उद्या येईल की नाही याची खात्री नसलेलं घर पिंप, टाकी, कळशा, पातेली सगळं भरून ठेवतं आणि नवं पाणी आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून ओतून देतं. रात्री दोनला पाणी येईल म्हणून उघडी ठेवलेली तोटी पहाटेपर्यंत वाहत राहते, ते वेगळंच.

तास कमी करण्याची खरी किंमत पाइपातल्या घर्षणात आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. समजा, दिवसभराचं पाणी तीनच तासांत सोडायचं. मग पाइपातून आठपट प्रवाह न्यावा लागतो. घर्षणात वाया जाणारा दाब मात्र आठपट वाढत नाही. तो प्रवाहाच्या साधारण १.८५ व्या घाताने वाढतो, म्हणजे ४७ पट. टाकीजवळच्या गल्लीत नळ धो धो वाहतो आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाला बायका करंगळीएवढ्या धारेखाली तासभर बसतात, त्याचं गणित हे आहे. टोकाच्या लोकांवर अन्याय व्हावा असं कुणी ठरवलेलं नसतं. पण वेळापत्रक असं आखलं की अन्याय आपोआप होतो. मग टोकाचे लोक मोटारी लावतात आणि सगळ्यांचाच दाब आणखी पडतो.

मग उद्यापासून सगळे व्हॉल्व्ह उघडावेत का? तसं केलं तर टाक्या दुपारपर्यंत रिकाम्या होतील. आज तीन तास गळणारी भेग उद्या चोवीस तास गळेल, आणि दाब वाढला की गळतीही वाढते. प्लास्टिकच्या पाइपात तर दाबाने चीर आणखी फाकते. म्हणून शहराचे छोटे, एकमेकांपासून तोडलेले विभाग करायचे, प्रत्येकाच्या तोंडाशी मीटर बसवायचा आणि एकेक विभाग गळतीमुक्त करत जायचं. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत असे १४१ विभाग आखले आहेत.

विभाग झाला की गळती पकडायची वेळ रात्री दोन ते चारची. गाव झोपलेलं, नळ बंद, तरी विभागाच्या मीटरचा काटा फिरतोय. म्हणजे पाणी जमिनीत चाललंय. मग कर्मचारी एक लांब दांडी व्हॉल्व्हला किंवा घरजोडणीला टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावतो. चिरेतून सुटणारं पाणी सूं असा आवाज करतं. आवाज जिथे सर्वांत मोठा, तिथे खणायचं. आता हल्ली इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली, तत्त्व तेच. यात गोम अशी की हे सगळं वाहिनी रात्री भरलेली असेल तरच जमतं. ठरावीक तासांच्या पुरवठ्यात गळती असतेही आणि सापडतही नाही.

कंबोडियाच्या नॉम पेन्ह शहराने हे करून दाखवलं. १९९३ मध्ये तिथलं ७२ टक्के पाणी हिशेबाबाहेर जात होतं आणि पुरवठा दिवसाला दहा तासांचा होता. शहराच्या पाणीपुरवठा संस्थेचे नवे प्रमुख म्हणून इक सोन चान आले. त्यांनी वाहिन्या बदलल्या, घरोघरी मीटर लावले, फुकट जोडण्या तोडल्या. एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मीटर बसवायला गेले असता त्याने पिस्तूल रोखलं, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. हिशेबाबाहेर जाणारं पाणी कालांतराने ६ टक्क्यांच्या आसपास आलं आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागलं. मला यात पाइपांइतकाच तो पिस्तुलाचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो; वजनदार माणसाच्या घरी मीटर लागला नाही तर बाकीच्यांनी का लावून घ्यावा?

आपल्याकडे कराडला लागून असलेल्या मलकापूरने २००९च्या सुमारास हे साधलं. नवी प्लास्टिकची वाहिनी, प्रत्येक जोडणीला मीटर, जास्त वापरणाऱ्याला चढा दर. ओडिशातल्या पुरीत २०२१ पासून नळाचं पाणी न गाळता, न उकळता प्यावं असा दर्जा देण्यात आला, आणि तिथे ‘जलसाथी’ म्हणून नेमलेल्या बायका घरोघरी जाऊन पाणी तपासतात, बिलं वाटतात. यंत्रणा टिकते ती अशा रोजच्या फेऱ्यांवर.

राहिला दुष्काळ. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. धरणच आटलं तर चोवीस तासांचा हट्ट कशाला, असं कुणी म्हणेल. आपल्याकडे कपात म्हणजे दिवसाआड पाणी, मग चार दिवसांआड. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनने २०१८ च्या टंचाईत माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली, तरी त्यांचा भर तास तोडण्यावर नव्हता. त्यांनी विभागाच्या तोंडाशी दाब कमी करणारे व्हॉल्व्ह वापरून दाब उतरवला. नळाची धार बारीक झाली, गळती घटली, आणि वाहिन्या भरलेल्याच राहिल्या. हे त्यांना ऐनवेळी जमलं, कारण खायेलित्शा या गरीब वस्तीत दाब-नियंत्रणाचं काम २००१ पासूनच सुरू झालेलं होतं. विभाग आखलेले नसतील, तोंडाशी मीटर नसेल, तर टंचाईच्या वर्षी पालिकेच्या हातात चावीवाल्याची चावी तेवढी उरते.