रिबन ध्वनिक्षेपक

रिबन ध्वनिक्षेपक : चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये सैलसर अडकवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीतून वीजप्रवाह सोडून आवाज निर्माण करणारा स्पीकर. टीव्हीपासून मंडपातल्या भोंग्यापर्यंत सगळीकडे दिसणाऱ्या नेहमीच्या स्पीकरहून याची रचना मुळातच वेगळी आहे. नेहमीच्या स्पीकरमध्ये विजेचा जोर हवेपर्यंत पोचायला मध्यस्थ लागतात. इथे वीज वाहून नेणारी पट्टीच हवा हलवते. रिबनचे सगळे गुण आणि सगळ्या अडचणी या एकाच गोष्टीतून येतात.

नेहमीच्या स्पीकरची आजची रचना जनरल इलेक्ट्रिकमधल्या राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. चुंबकाच्या जेमतेम एक-दीड मिलिमीटर फटीत तांब्याच्या तारेची कॉइल पुढेमागे हलते आणि तिला चिकटवलेला कागदी कोन हवा ढकलतो. रचना दणकट आणि स्वस्त आहे, म्हणूनच ती शंभर वर्षं टिकली. पण कोनाला धक्का बसतो तो फक्त मानेपाशी, म्हणजे कॉइल चिकटवलेली असते तिथे. सूर उंच होत गेला की कडा मानेच्या मागे पडते आणि कोनाचे वेगवेगळे भाग आपापल्या चालीने थरथरू लागतात. मोठ्या आवाजात कॉइलही तापते. तांब्याचं तापमान १०० अंशांनी वाढलं, तर त्याचा रोध जवळपास ४० टक्के वाढतो आणि आवाजाचे ठोके दबतात.

रिबनची मापं पाहिली की फरक लगेच कळतो. ६० मिलिमीटर लांब, ८ मिलिमीटर रुंद आणि ०.०१ मिलिमीटर जाड, म्हणजे चपात्या गुंडाळायच्या फॉइलच्या जाडीची पट्टी घेतली, तर तिचं वजन भरतं सुमारे १३ मिलिग्रॅम. साध्या ट्वीटरचा, म्हणजे उंच सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरचा, घुमटाकार पडदा आणि कॉइल मिळून याच्या वीसेक पट जड असतात. शिवाय जोर पट्टीच्या सगळ्या पृष्ठभागावर एकदम लागतो. झांजेचा आघात उमटून लगेच विरत जातो, घुंगरांचा प्रत्येक दाणा सुटा ऐकू येतो. चांगल्या रिबनवर हे ऐकलेला माणूस ते सहसा विसरत नाही.

आता या गुणांसाठी मोजावी लागणारी किंमत. वरच्या पट्टीचा रोध साधारण ०.०२ ओहम येतो. ॲम्प्लिफायरच्या दृष्टीने हे जवळजवळ शॉर्ट सर्किटच. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. ८ ओहमचा भार दिसण्यासाठी वेढ्यांचं प्रमाण २० ला १ ठेवावं लागतं. ध्रुवांमधली फटही पट्टीच्या रुंदीएवढी ठेवणं भाग असल्याने चुंबक भरभक्कम लागतात. १९८०च्या दशकात निओडिमियमचे चुंबक आल्यावर हे काम बरंच सोपं झालं. तिसरी अडचण खर्जाची. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा, तर हवा ढकलणाऱ्या पडद्याला (इथे पट्टीला) चौपट अंतर हलावं लागतं. पातळ पट्टी तेवढी हलली तर ताणली जाते, क्वचित फाटते. त्यामुळे छोटी रिबन बहुधा ३,००० हर्ट्झच्या आसपासपासून वरचे सूर सांभाळते आणि खालचं काम कोनाकडेच राहतं.

ही कल्पना राइस-केलॉगच्या सुमाराचीच. सीमेन्स कंपनीत गेरलाख आणि शॉटकी यांनी १९२०च्या दशकात तिच्यावर काम केलं. हेच तत्त्व उलट वापरून रिबन मायक्रोफोन झाला. पुढे अमेरिकेतल्या अपोजी कंपनीने खर्जापासून टिपेपर्यंत सगळं फॉइलच्या पट्ट्यांवर काढणारे माणसाएवढे उंच स्पीकर बनवले. त्यांतल्या ‘सिंटिला’चा रोध जेमतेम १ ओहम होता आणि तिच्यापुढे भलेभले ॲम्प्लिफायर हात टेकत.

बाजारात ‘रिबन’ नावाने विकली जाणारी प्रत्येक वस्तू रिबन नसते. प्लास्टिकच्या पडद्यावर वाहक पट्टे चिकटवलेले असतील तर तो प्लेनर मॅग्नेटिक. ऑस्कर हाइल यांच्या रचनेत घड्या घातलेला पडदा भात्यासारखा मिटून हवा पिळून काढतो. दोन्ही रचना चांगल्या आहेत, पण ग्राहकाला नेमकं नाव सांगायलाच हवं.

उभी, अरुंद पट्टी आवाज डावी-उजवीकडे छान पसरवते, वर-खाली मात्र फारसा नाही. खुर्चीत बसून ऐकताना तंबोऱ्याची जवारी लखलखीत असते. उठून उभं राहिलं की तीच मंदावते. म्हणून ट्वीटर कानाच्या उंचीला बसवणं इथे फार महत्त्वाचं. आणि एक स्पष्टच सांगायला हवं : हलक्या प्रतीच्या ट्रान्सफॉर्मरच्या रिबनपेक्षा नीट बनवलेला साधा घुमटाचा ट्वीटर केव्हाही बरा.

रिबनवर फुंकर मारून धूळ उडवू नये; तेवढ्यानेही पट्टी ताणली जाते. खराब झालेली पट्टी मात्र बदलता येते. नवं फॉइल धारदार पात्याने कापून दोन दातेरी चक्रांमधून फिरवतात, म्हणजे त्याला आडव्या चुण्या पडतात आणि ते लांबीच्या दिशेने लवचिक होतं. मग दोन्ही टोकं पकडीत आवळायची, ती अशी की पट्टी लोंबणार नाही आणि ताठही होणार नाही.