साडेपस्तीसचा आकडा: समस्थानिकांच्या शोधाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात अकरावी सायन्सचे वर्ग सुरू झाले की थोड्याच दिवसांत रसायनशास्त्राच्या वहीत ही व्याख्या येते: ज्या अणूंचा अणुअंक सारखा पण अणुवस्तुमानांक वेगळा, ती एकमेकांची समस्थानिकं. खाली स्पष्टीकरण: प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमी-जास्त. मग क्लोरीनचं उदाहरण, ३५ आणि ३७, सरासरी ३५.५. मुलं हे नववीतच शिकून आलेली असतात, त्यामुळे भाग लगेच उरकतो. मला या घाईचं वाईट वाटतं. समस्थानिकांची कल्पना मांडली गेली १९१३ मध्ये आणि न्यूट्रॉन सापडला १९३२ मध्ये. ज्यांनी समस्थानिकं ओळखली, त्यांच्याकडे आपली ही व्याख्या नव्हतीच. त्यांच्यापुढे होते काही न जुळणारे आकडे, आणि त्यांत सगळ्यात हट्टी आकडा क्लोरीनचा.

जॉन डाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अणुसिद्धान्त मांडला, तेव्हा एक गोष्ट गृहीत धरली होती: एका मूलद्रव्याचे सगळे अणू वजनाला सारखे. १८१५ मध्ये लंडनमधले डॉक्टर विल्यम प्राउट यांच्या लक्षात आलं, की बरीच अणुवजनं हायड्रोजनच्या पूर्ण पटीत येतात. तेव्हा सगळी मूलद्रव्यं हायड्रोजनपासूनच घडली असावीत, असं त्यांनी सुचवलं; लेखावर स्वतःचं नावही घातलं नाही. कल्पना देखणी होती, पण क्लोरीन तिच्यात बसेना. बेल्जियमचे झां स्टास सुरुवातीला प्राउट यांच्या बाजूचे होते. त्यांनी वर्षानुवर्षं अत्यंत काटेकोर वजनं केली आणि क्लोरीन साडेपस्तीसच्या आसपासच राहिला. शेवटी प्राउट यांची कल्पना हा निव्वळ भ्रम आहे, असं त्यांनी जाहीर केलं.

स्टास यांचं मोजमाप अचूक होतं. प्राउट यांचा अंदाजही बराचसा खरा होता. खोट होती ती डाल्टन यांच्या गृहीतकात, आणि तिकडे जवळजवळ कुणीच बघत नव्हतं. १८८६ मध्ये विल्यम क्रुक्स यांनी मात्र धाडसानं म्हटलं, की कॅल्शियमचं अणुवजन ४० असलं तरी त्यात काही अणू ३९चे, काही ४१चे असू शकतील. हाताशी पुरावा काहीच नव्हता, त्यामुळे ते तिथंच राहिलं.

दरम्यान १८६९ मध्ये मेंडेलीव्ह यांनी अणुवजनांच्या क्रमानं तक्ता मांडला, आणि त्यातही एक गाठ पडली. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड, पण गुणधर्म पाहिले तर तो आयोडीनच्या आधीच यायला हवा. मेंडेलीव्ह यांनी गुणधर्मांवर विश्वास ठेवला आणि वजन चुकीचं मोजलं असावं असं मानलं. पुढे ऑरगॉन सापडला, तोही शेजारच्या पोटॅशियमपेक्षा जड निघाला. आता मोजणीला दोष देऊन भागणार नव्हतं.

वाट उघडली ती किरणोत्सारितेमुळे. १८९६ मध्ये बेकरेल यांना युरेनियममधून येणारे किरण दिसले. पुढे रदरफर्ड आणि फ्रेडरिक सॉडी यांनी कॅनडात दाखवलं, की किरणोत्सर्ग होताना एक मूलद्रव्य दुसऱ्यात बदलतं. मग नव्या ‘मूलद्रव्यां’चा पूर आला. दहा-बारा वर्षांत चाळीसच्या आसपास नावं जमली, आणि तक्त्यात शिसं ते युरेनियम जागा फक्त अकरा! त्यातली काही नावं तर रासायनिक रीतीनं एकमेकांपासून वेगळीच होईनात. मेसोथोरियम-१ आणि रेडियम एकदा मिसळले की कोणत्याही अभिक्रियेनं ते सुटे करता येत नाहीत, हे सॉडी यांना १९१०च्या सुमारास दिसलं. आपलं कसब कमी पडतंय, असं म्हणून दुसरा कुणी थांबला असता. सॉडी यांनी उलट विचार केला: हे वेगळे होत नाहीत, कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीनं ते एकच मूलद्रव्य आहे.

किरणोत्सर्गात चार वजनाचा अल्फा कण बाहेर पडला की मूलद्रव्य तक्त्यात दोन घरं मागे जातं, जवळजवळ बिनवजनी बीटा कण गेला की एक घर पुढे. मग एक अल्फा आणि दोन बीटा गेले तर? अणू फिरून मूळ घरात येतो, वजन मात्र चारने घटलेलं. एका घरात दोन वजनांचे अणू! डिसेंबर १९१३ मध्ये सॉडी यांनी ही कल्पना छापली. लगेच पुढच्या वर्षी शिशाचा पुरावा आला. हार्वर्डचे थिओडोर रिचर्ड्स हे अणुवजनं मोजण्यात त्या काळचे सर्वांत नावाजलेले रसायनतज्ज्ञ. युरेनियमच्या खनिजांतलं शिसं नेहमीच्या शिशापेक्षा हलकं आहे, हे त्यांनी दाखवलं. नेहमीचं शिसं २०७.२, शुद्ध युरेनियम खनिजातलं २०६च्या जवळ, तर श्रीलंकेच्या थोराइट या थोरियमच्या खनिजातलं सुमारे २०७.८. रासायनिक गुण तेच आणि वर्णपटही सारखाच.

मग मूलद्रव्याची ओळख वजनावर नाही, तर कशावर? अणूच्या मध्यभागी प्रभारित केंद्रक असतं, हे रदरफर्ड यांनी १९११ मध्ये सोन्याच्या पत्र्याच्या प्रयोगावरून मांडलं होतं. १९१३-१४ मध्ये हेन्री मोझ्ली यांनी एकेका मूलद्रव्याचे क्ष-किरण तपासले आणि ओळख ठरते ती केंद्रकावरच्या विद्युतप्रभारानं, हे सिद्ध केलं. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. तक्ता आपोआप सरळ झाला. ऑगस्ट १९१५ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, मोझ्ली गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले. आपण अणुअंक म्हणून जो आकडा पाठ करतो तो त्यांच्या हातून पक्का झाला, आणि ही गोष्ट मुलांना सांगितली जात नाही याची खंत वाटते.

साडेपस्तीसचं उत्तर १९१९ मध्ये केंब्रिजला मिळालं. जे. जे. थॉमसन यांना महायुद्धाआधीच निऑनमध्ये २०च्या जोडीला २२ची पुसटशी खूण दिसली होती. त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी युद्धानंतर वस्तुमान-वर्णपटलेखक हे उपकरण बांधलं. त्यात प्रभारित अणू विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून वळून वजनानुसार छायाचित्रपट्टीवर वेगवेगळ्या जागी पडतात. क्लोरीन सोडल्यावर पट्टीवर ३५ आणि ३७ला रेषा उमटल्या. हायड्रोजन जोडला गेल्यामुळे ३६ आणि ३८लाही आल्या. साडेपस्तीसच्या जागी काहीही नव्हतं. त्या वजनाचा क्लोरीनचा एकही अणू जगात नाही! सुमारे ७५.८ टक्के ३५चे आणि २४.२ टक्के ३७चे, आणि आपण शंभर वर्षं त्यांची सरासरी मोजत होतो. जुन्या गाठीही यातूनच सुटल्या. टेल्युरियममध्ये १२८ आणि १३० या जड अणूंचा भरणा आहे, आयोडीन मात्र सगळा १२७. हवेतला ऑरगॉन जवळजवळ सगळा ४०चा आहे, कारण तो खडकांतल्या पोटॅशियम-४०च्या क्षयातून आलेला आहे.

जास्तीचं वजन येतं कुठून, हे तेव्हाही कळलेलं नव्हतं. केंद्रकात जादा प्रोटॉन आणि त्यांचा प्रभार मारणारे इलेक्ट्रॉन असतील, असा समज होता. १९३२ मध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला आणि मग आजची व्याख्या लिहिता आली.

त्याच सुमारास हॅरल्ड युरी यांनी जड हायड्रोजन शोधला आणि ‘समस्थानिकं रासायनिकदृष्ट्या तंतोतंत सारखी’ या समजुतीलाही मर्यादा पडली. वजन दुप्पट झाल्यावर फरक पडतोच. जड पाणी १०१.४ अंशांना उकळतं. कार्बनमध्ये हा फरक फार बारीक, पण तो थेट आपल्या जिल्ह्याच्या शेतांत दिसतो.

१९४०चं दशक उजाडताना केमन आणि रूबेन यांनी बर्कलीत कार्बन-१४ हे कार्बनचं किरणोत्सारी समस्थानिक तयार केलं. त्यावरून काळ ठरवण्याची लिबी यांची पद्धत १९४९ची. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं ते १९४५-४६ मध्ये, त्यामुळे तिथला काळ नाणी आणि मातीच्या थरांवरूनच लावावा लागला. हवाईतल्या संशोधकांनी हाच कार्बन-१४ उसाच्या पानांना दिला. तो आधी तीन कार्बनच्या संयुगात दिसेल अशी अपेक्षा होती. तो निघाला चार कार्बनच्या आम्लांत. १९६५-६६ मध्ये हे आणि ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांचं काम प्रसिद्ध झालं आणि सी-४, म्हणजे चार कार्बनवाल्या, वनस्पतींचा मार्ग कळला. ऊस, ज्वारी, मका हे सी-४. भात आणि बहुतेक झाडं सी-३. भातासारख्या वनस्पती नेहमीच्या कार्बन-१२पेक्षा जड असलेला कार्बन-१३ जास्त प्रमाणात टाळतात, ऊस तेवढा टाळत नाही. फरक हजारात दहा-पंधराचा, पण वस्तुमान-वर्णपटमापकाला पुरेसा.

म्हणूनच सह्याद्रीतल्या जंगलाच्या मधात उसाची साखर घातली तर कार्बन-१३ वाढतो आणि भेसळ उघडी पडते. तांदळाचं सिरप घातलं तर ही चाचणी चकते, कारण भात सी-३. आणि कोल्हापुरी गुळात साखर मिसळली तर ती काहीच सांगू शकत नाही: गूळही उसाचा आणि आपल्याकडची साखरही उसाचीच. तिथे राख, खनिजं आणि सुक्रोजचं प्रमाण असं नेहमीचं विश्लेषणच करावं लागतं.