हँडिकॅप नोंद (गोल्फ)

हँडिकॅप नोंद : क्लबाच्या सभासदाने खेळलेल्या फेऱ्यांतील फटके ठरावीक नियमांनी नोंदवून त्यांवरून त्याची खेळाची पातळी आकड्यात ठरविण्याची पद्धत. या आकड्यानुसार कच्च्या खेळाडूला फटक्यांची सूट मिळते.

प्रथेचा उगम वादग्रस्त आहे. एडिंबरोतील वैद्यकाचा विद्यार्थी टॉमस किंकेड याच्या १६८७ मधील रोजनिशीत असमान खेळाडूंचा सामना बरोबरीचा करण्यासाठी डावात सवलत द्यावी की पैजेची रक्कम कमीजास्त ठेवावी, याचा ऊहापोह आढळतो. काही अभ्यासक त्यालाच हँडिकॅपचा पहिला पुरावा मानतात. मात्र किंकेडचा विचार पैजेपुरता आहे. मागील फेऱ्यांच्या नोंदींवरून सूट काढण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधील क्लबांत रुजली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अनेक ठिकाणी तेव्हा खेळाडूच्या तीन सर्वोत्तम फेऱ्यांची सरासरी धरत. प्रत्येक क्लबाचे माप मात्र वेगळे असे. लेडीज गोल्फ युनियनने (स्था. १८९३) इसेट पिअर्सन यांच्या पुढाकाराने संलग्न क्लबांना समान पद्धत लावली. या कामगिरीला गोल्फच्या इतिहासात मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही. अमेरिकेत युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने (यूएसजीए) १९११ मध्ये देशव्यापी पद्धत स्वीकारली.

२०२० पासून पूर्वीच्या सहा प्रमुख पद्धतींच्या जागी आर अँड ए (ब्रिटनमधील गोल्फ-नियामक संस्था) व यूएसजीए यांची जागतिक पद्धती येऊ लागली. तीत पहिल्या हँडिकॅपसाठी किमान ५४ होलांच्या (होल : आरंभस्थानापासून खळग्यापर्यंतचा एक टप्पा) नोंदी लागतात. फेरी नियमांनुसार आणि सोबत्यासह खेळलेली असावी लागते. एखादा होल फार बिघडला, तरी हँडिकॅपसाठी त्याचे फटके पार (त्या होलासाठी ठरलेले प्रमाण फटके), अधिक दोन, अधिक त्या होलावर मिळणारी सूट एवढेच धरतात. एका फटक्याची सूट असलेल्याने चार पारच्या होलावर दहा फटके घेतले, तर सात नोंदवतात. स्ट्रोक-प्ले (एकूण फटक्यांवर निकाल ठरणाऱ्या) स्पर्धेच्या निकालात मात्र दहाच राहतात.

अशा दुरुस्त बेरजेतून कोर्स रेटिंग वजा करून बाकीला ११३ ने गुणतात व स्लोप रेटिंगने भागतात; येणारा आकडा म्हणजे त्या फेरीचा ‘फरक’. कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या खेळाडूकडून अपेक्षित फटके. तोच कोर्स सामान्य खेळाडूला त्या मानाने किती अधिक जड जातो, हे स्लोप दाखवतो (५५ ते १५५; प्रमाण ११३). बेरीज ८९, रेटिंग ७१.२ व स्लोप १२५ असल्यास फरक १६.१ येतो. हवामान वा मैदानाच्या स्थितीमुळे त्या दिवशीचे फटके अपेक्षेपेक्षा बरेच वेगळे पडले, तर आणखी एक दुरुस्ती होते. शेवटच्या २० फेऱ्यांतील सर्वांत कमी आठ फरकांची सरासरी म्हणजे हँडिकॅप निर्देशांक. त्याची कमाल मर्यादा ५४.०. स्लोपची कल्पना अमेरिकी नौदलातील अधिकारी डीन नूथ यांनी १९७० च्या दशकात मांडली.

आठच फेऱ्या मोजल्या जात असल्या, तरी नोंद सर्वांची हवी. चांगली फेरी न नोंदवणारा सभासद फुगवलेल्या हँडिकॅपवर इतरांच्या हक्काचे बक्षीस नेतो, आणि वाईट फेऱ्या वगळणारा आपलाच आकडा खोटा करतो. म्हणून वर्षभरातील नीचांकापेक्षा निर्देशांक तीनने वाढल्यावर पुढील वाढ निम्मी धरतात व पाचवर थांबवतात. एखादी फेरी निर्देशांकापेक्षा सात वा अधिक फटक्यांनी सरस ठरली, तर निर्देशांक आपोआप खाली आणतात. उरलेली शहानिशा क्लबाची हँडिकॅप समिती करते. भारतात गोल्फचा कारभार इंडियन गोल्फ युनियन पाहते.