ताईची येणारी पुस्तकं आणि तुमची ऑर्डर, आधी हे वाचा

नमस्कार. आमच्याकडे येणारे बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात, नवीन काय येतंय आणि माझं चित्र कधी मिळणार. आमचं कॉमिकचं दुकान म्हणजे ठाण्यात नौपाड्यातली एक खोली, चित्रं काढते माझी मोठी बहीण (गिऱ्हाईकंसुद्धा तिला ताईच म्हणतात) आणि छपाई, हिशोब, कुरिअर, तुमच्या फोनला उत्तरं हे सगळं माझ्याकडे. तेच तेच दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा छापूनच देऊ.

दिवाळीला : पहिली गाडी

यंदाचं मोठं काम म्हणजे ठाण्याच्या पहिल्या रेल्वेवरचं कॉमिक. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं १४ डबे घेऊन बोरीबंदरहून निघाली आणि ३४ किलोमीटरवर आपल्या ठाण्यात येऊन थांबली, एवढं शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय, पण चित्र काढायला बसलं की एवढ्याने काही भागत नाही. इंजिनाला पुढे लहान चाकांची एक जोडी आणि मागे मोठ्या चाकांच्या दोन, हे आधी कळायला लागतं, नाहीतर बालवाडीतलं छुकछुक इंजिन होतं ते. गोष्ट सांगतो खाडीपलीकडचा, कळव्याच्या बाजूचा एक कोळ्याचा पोरगा, तो होडीने गाडी बघायला येतो, कारण तेव्हा लाईन ठाण्यातच संपायची, पुढे कल्याणपर्यंत गेली ती १ मे १८५४ ला.

नमुन्याचं पान दुकानात लावलं तेव्हा काही जणांनी विचारलं की पारसिकचा रेल्वे बोगदा कुठाय, तर तो १९१६ चा, म्हणून नाही. डोक्यावरच्या तारा पण नाहीत, आपल्याकडे विजेवरची पहिली गाडीच १९२५ ला धावली. म्हणजे आभाळ अख्खं मोकळं, आणि ताईला तेच सगळ्यात जड गेलं, कारण रोज ठाणे स्टेशन बघणाऱ्याला तारांशिवाय स्टेशन डोळ्यांपुढे येतच नाही, हात आपोआप तार ओढतो.

पुस्तक ४८ पानांचं आहे. छपाईचा फर्मा (एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं) १६ पानांचा, त्याचे तीन फर्मे. आणि हो, गणपतीच्या आधी फायली प्रेसला गेल्या पाहिजेत, एकदा दिवाळी अंकांची कामं सुरू झाली की आमच्यासारख्या छोट्या गिऱ्हाईकाला कुणी उभं करत नाही. म्हणून बुकिंग लवकर मागतोय, किती प्रती छापायच्या ते त्यावरच ठरतं.

त्यानंतर : फ्लेमिंगो

हे लहान मुलांसाठी, ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर. खाडीला २०१५ ला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ ला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) नाव आलं, पण पोरांना यादीशी काय देणंघेणं, त्यांचा प्रश्न एकच की याचा गुडघा उलटा कसा वाकतो. तो गुडघा नाहीच, घोटा आहे, खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. यावर ताईने अख्खं पान केलंय आणि मला विचाराल तर पुस्तकातलं ते सगळ्यात भारी पान आहे. थोरला आणि धाकटा फ्लेमिंगो चोचीवरून ओळखायचा, धाकट्याची चोच काळपट लाल, थोरल्याची गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. सीवूड्स-नेरूळ बाजूच्या मंडळींनी बघून सांगा बरोबर जमलंय का.

रंगाचं आत्ताच सांगतो म्हणजे नंतर भांडण नको. मोबाईलवर जो झगझगीत गुलाबी दिसतो तो कागदावर येत नाही, स्क्रीनचा रंग उजेडाचा आणि छपाईचा चार शायांचा, त्यात तो गुलाबी बसतच नाही. प्रूफ (छपाईचा नमुना) बघून आम्ही जवळात जवळचा धरतो.

तिसरं एक छोटंसं आहे, लोकलच्या लेडीज डब्यातलं, चौथी सीट (तिघींच्या बाकावर कडेला टेकणं), भाजी निवडणं, हळदीकुंकू वगैरे, एकही शब्द नसलेलं. कधी येईल ते ताईलाच विचारा, मी विचारलं की चिडते.

ताईचा दिवस

जेजे कला महाविद्यालयातून अप्लाइड आर्ट करून ताईने बरीच वर्षं जाहिरातींचे स्टोरीबोर्ड (शूटिंगआधी काढलेली दृश्यांची चित्रं) काढले, तिथला हात अजून आहे, रफ फटाफट होतं. सकाळी लवकर तलावपाळीला जाऊन फिरायला आलेल्या लोकांचे स्केच करते, मग एक वाजेपर्यंत फोन बंद. बंद म्हणजे बंद, मी पण आत जात नाही. तेव्हा इंकिंग (पेन्सिलवर शाई चढवणं) चालतं, अजूनही कागदावर ब्रशने, रंग मात्र कॉम्प्युटरवर. संध्याकाळी बबल (संवादाचे फुगे) आणि अक्षरं. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी कॅपिटल अक्षरं एका उंचीत बसतात, आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, दोन ओळी जवळ आणल्या की एकमेकींत घुसतात. त्यामुळे बबल मोठा धरावा लागतो आणि चित्राला जागा कमी उरते, म्हणून ताई आधी संवाद कापते आणि मग पॅनल (चित्राची चौकट) आखते.

पावसाळ्यात ओरिजिनल चित्राची ऑर्डर घेतो पण तारीख देत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कागद पापडासारखा सादळतो, त्यावर शाई फुटते आणि झालेलं काम वाया जातं.

तुमची ऑर्डर देताना

लग्न, साठी, सोसायटीचा गणपती, शाळेचं गॅदरिंग, सगळ्यासाठी कॉमिक करून देतो. आधी तुमच्याकडून गोष्ट ऐकतो, मग बारीक थंबनेल (पानाचा छोटा कच्चा आराखडा), मग पेन्सिल, आणि इथे थांबून तुम्हाला दाखवतो. जे काही बदलायचं ते इथेच बोला, हक्काने बोला, काकांच्या मिशा राहिल्या, आजीचं नऊवारी पाहिजे, कुत्रा विसरला, पेन्सिलमधले बदल कितीही करा, पैसे लागत नाहीत. घरात ज्यांचं मत नंतर येतं त्यांना पण तेव्हाच दाखवा, अनुभव असा आहे की पेन्सिल पास करतो एक आणि तक्रार करतो दुसरा. शाई चढल्यावर चेहरा बदलायचा म्हणजे पॅनल पुन्हा काढायचं, त्याचे वेगळे पैसे लागतील.

फोटो व्हॉट्सॲपवर नुसते टाकू नका, बारीक होऊन येतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. समोरून एक आणि बाजूने एक असेल तर बेस्ट, फिल्टर लावलेला अजिबात नको.

एआयने स्वस्तात करून द्या असं पण विचारतात. ते आम्ही करत नाही, आणि ज्यांना तेच हवंय त्यांना आमची गरज पण नाही.

अर्धे पैसे पेन्सिल पास झाल्यावर, उरलेले डिलिव्हरीला. ठाण्यातले असाल तर पुस्तक दुकानातून घेऊन जा, कुरिअर वाचेल, ताईची सही हवी असेल तर एकनंतर या. सोमवारी बंद.